कर्जत-खालापुरातील प्रचाराची साधने

राजकीय निरोप खेड्यापर्यंत पोहोचतो कसा, आणि खेड्याचे उत्तर निरोप धाडणाऱ्याकडे परत जाते की नाही, हे दोन प्रश्न वरवर पाहता सख्ख्या भावांसारखे वाटतात. परंतु इतिहास चाळू लागले म्हणजे या भावांची वाटणी फार पूर्वीच झाली असल्याचे आढळून येते. पहिल्याच्या वाट्याला आगगाडी आली, छापखाना आला, ध्वनिवर्धक, नभोवाणी, दूरदर्शन आणि सरतेशेवटी आंतरजाल आले. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र पुष्कळदा नुसती पायवाट राहिली. रायगड जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, कर्जत आणि खालापूर हे दोन घाटपायथ्याचे तालुके या वाटणीचा दाखला म्हणून पाहण्याजोगे आहेत. मुंबईचा वारा त्यांना सर्वांआधी लागतो, आणि तरीही त्यांच्या डोंगरकुशीतील वाड्या मुंबईपासून फार दूर असतात.

या मुलखातून दळणवळणाची मोठी साधने लवकर गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ 1856 साली खोपोलीपर्यंत येऊन पोहोचला. तेथून पुढे प्रवाशांना घाट पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढावा लागे. 1863 साली बोरघाटातून रूळ पुरा झाला, आणि कर्जत हे घाट चढण्यापूर्वी गाडीला जादा इंजिन जोडण्याचे ठिकाण बनले. 1907 मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी जाऊ लागली. 1915 साली खोपोलीस टाटांचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले, आणि 1922 साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे. घाटावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली कोसळे, त्यातून वीज उपजे, आणि ती वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरील तारांतून मुंबईच्या गिरण्यांकडे धावे. ज्या शेतांतून हे मनोरे गेले त्या शेतांच्या मालकांच्या घरी मात्र पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच जळत होती. प्रचाराच्या इतिहासात विजेचे हे प्रकरण कशासाठी, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर 1942 साल देईल.

सार्वजनिक चळवळीच्या आरंभीच्या काळात निरोप वाहण्याची साधने साधी होती. प्रभातफेरी, दवंडी, देवळाच्या पारावरील सभा, आणि मुंबईहून गाडीने येणारे वर्तमानपत्र. वर्तमानपत्र एक आणि ऐकणारे पन्नास, अशी तऱ्हा असे, कारण वाचता येणारा गावात एखादाच. ही अडचण होती खरी, पण तिचा एक गुणही होता, आणि त्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचित् जाते. मोठ्याने वाचलेले वर्तमानपत्र हे एकट्याचे राहत नाही. वाचणाऱ्याला मध्येच थांबवता येते, "हे खरे कशावरून" असे विचारता येते, आणि बातमी पुरी होण्यापूर्वीच तिच्यावर चार मते पडतात. सविनय कायदेभंगाच्या पर्वात मुंबईत निघणारी चक्रमुद्रित काँग्रेस-पत्रके याच रीतीने वाचली जात. कुलाबा जिल्ह्यात 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. ही वार्ता जिल्हाभर पसरण्यास छापखान्याची वाट पाहावी लागली नाही.

याच जिल्ह्यात, अलिबागनजीक चरी येथे, 1933 साली खोतांविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. त्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्या ध्यानात एक गोष्ट पक्की आली होती. मुंबईची वर्तमानपत्रे शेतकऱ्याविषयी लिहीत असली तरी शेतकऱ्याचे म्हणणे त्यांत येत नव्हते. त्यातून 1937 साली 'कृषीवल' हे पत्र निघाले. त्याच साली सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील व अन्य भागांतील हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. पत्र अलिबागचे, मोर्चा मुंबईचा. पण या दोहोंत मिळून उत्तर परत नेण्याची एक रीत कुलाब्याने शोधून काढली होती, असे म्हणण्यास हरकत नाही. गावाचे गाऱ्हाणे छापायचे, आणि छापूनही कोणी वाचीना तर स्वतः चालत जाऊन ऐकवायचे.

या पार्श्वभूमीवर विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचे चरित्र पाहिले पाहिजे. भाई कोतवाल म्हणून ते सर्वत्र ओळखले जातात. 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणाची हौस मोठी आणि साधने तुटपुंजी. तरीही पुण्यास जाऊन त्यांनी शिक्षण पुरे केले आणि वकिलीची परीक्षा दिली. माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. वकिलीत पैसा मिळवून स्वस्थ बसणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु माथेरानच्या पायथ्याशी नेरळ-कर्जतच्या पट्ट्यात कुळांची, ठाकरांची आणि कातकऱ्यांची जी स्थिती त्यांनी पाहिली तिने त्यांना खाली उतरविले.

कोतवालांच्या कार्याचा आरंभ भाषणाने झाला नाही, ही गोष्ट येथे विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी कुळाच्या घरचा दाणा संपे, आणि सावकाराकडून घेतलेले भात सुगीत दीडपट-दुपटीने परत करावे लागे. ही नड ओळखून त्यांनी शेतकऱ्यांकरिता धान्याच्या कोठ्या उभारल्या. नडीच्या वेळी तेथून धान्य न्यावे आणि पीक आल्यावर अल्प वाढीसह परत करावे, अशी योजना होती. खेड्यांतून त्यांनी शाळाही चालविल्या. आजच्या भाषेत 'लोकसंपर्क' असा भारदस्त शब्द याला कोणी देईल. पण कोठीवर भात मोजून घेताना जे बोलणे होते ते कोणत्याही सभेत होत नाही. कोणाचे किती देणे थकले, कोणाचा बैल गेला, कोणाच्या शेतावर जप्ती आली, हे सारे त्या बोलण्यात येते. माहिती खालून वर जात होती. म्हणूनच 1942 च्या ऑगस्टात जेव्हा निरोप वरून खाली जाण्याची वेळ आली, तेव्हा तो निरोप ऐकणारी माणसे आधीच तयार होती.

9 ऑगस्ट 1942 रोजी काँग्रेसचे पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, आणि सरकारच्या ताब्यातील नभोवाणी सरकारचेच बोलू लागली. तेव्हा मुंबईत काही तरुणांनी गुप्त ध्वनिक्षेपण सुरू केले. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी मंडळी त्यात होती, आणि राममनोहर लोहिया यांचे त्यांना मार्गदर्शन होते. 27 ऑगस्ट रोजी 42.34 मीटर लांबीच्या लहरीवर 'काँग्रेस रेडिओ'चा आवाज प्रथम उमटला. पोलिसांनी माग काढू नये म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागे. 12 नोव्हेंबर रोजी पोलिसांनी छापा घातला आणि तो आवाज बंद पडला. जेमतेम अडीच महिन्यांचे हे आयुष्य. पण हिंदुस्थानातील राजकीय प्रचाराच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे.

नेमक्या याच महिन्यांत कर्जतच्या रानात दुसरेच काम चालले होते. कोतवालांनी भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभारला होता. शेतकरी, आदिवासी आणि काही शिकलेले तरुण त्यात होते. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील हे त्यांतले अग्रणी. रात्रीच्या अंधारात हे लोक करवती घेऊन विजेच्या मनोऱ्यांचे पाय कापीत. मनोरा कोसळे आणि मुंबईकडे जाणारा प्रवाह खंडित होई. सप्टेंबर ते नोव्हेंबर या अवधीत असे अनेक मनोरे पाडले गेले. युद्धसामग्रीच्या उत्पादनास अडथळा आणणे हा त्यांचा उघड हेतू होता. पण त्यात एक निरोपही होता, आणि तो मुंबईच्या गिरणीवाल्यास व सरकारास एकाच वेळी मिळत होता. ज्या तारा इतकी वर्षे खेड्याच्या डोक्यावरून निमूटपणे गेल्या, त्यांच्यामार्फत खेड्याने प्रथमच काही कळविले होते.

मुंबईच्या नभोवाणीचा आवाज या वाड्यांपर्यंत थेट पोहोचणे दुरापास्तच होते. ज्या गावी वीज नाही, त्या गावी रेडिओ-यंत्र कोठले असणार? आणि दस्त्याची बातमी मुंबईस पोहोचे ती माणसाच्या मुखाने. याचा अर्थ असा की, कर्जतच्या शेतकऱ्यास लढ्यात ओढले ते ध्वनिलहरीने नव्हे. त्यामागे धान्याची कोठी होती. नभोवाणीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. साधन आणि विश्वास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत एवढेच त्यावरून दिसते.

दस्त्याचा तळ पुढे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात हलला. तेथे 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे पोलिसांनी त्यांस गाठले. गोळीबारात हिराजी पाटील आणि भाई कोतवाल हे दोघेही धारातीर्थी पडले. कोतवालांचे वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. दर वर्षी त्या तिथीस सिद्धगडावर पहाटेच माणसे जमतात.

स्वातंत्र्यानंतर प्रचारास कायद्याचे अधिष्ठान आले आणि प्रौढ मताधिकाराने त्याचे क्षेत्र एकदम अफाट झाले. 1935 च्या कायद्याखाली झालेल्या 1937 च्या निवडणुकीत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 3 कोटी लोकांस मत होते. 1951-52 च्या निवडणुकीत ही संख्या 17 कोटींच्या पुढे गेली. 1951 च्या खानेसुमारीप्रमाणे देशात साक्षर माणसे शंभरात अठराच होती. नाव वाचता येत नसेल तर मत द्यावे कसे, या प्रश्नावर चिन्हांचा तोडगा निघाला. बैलजोडी, वडाचे झाड, हत्ती अशी चिन्हे चिकटविलेल्या निरनिराळ्या पेट्या केंद्रात मांडल्या गेल्या आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकावयाची असे ठरले. प्रचाराच्या दृष्टीने ही क्रांतीच होय. पक्षाचे सारे तत्त्वज्ञान एका चित्रात मावले पाहिजे, भिंतीवर गेरूने काढता आले पाहिजे, आणि दुरून ओळखू आले पाहिजे. पुढे संकेतस्थळाच्या माथ्यावर जी मुद्रा झळकू लागली तिची पूर्वज ही गेरूची बैलजोडीच आहे.

कुलाब्याच्या मतदारांनी 1952 साली काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख यांस लोकसभेत धाडले. ते देशाचे अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी 1956 मध्ये मंत्रिपद सोडले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीस जोर चढला. आचार्य अत्रे यांचा 'मराठा' 15 नोव्हेंबर 1956 पासून निघू लागला. अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीने मैदाने भरून जात. 1957 च्या निवडणुकीत कुलाब्याची जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. डफावरची थाप आणि व्यंगचित्र यांनी मिळून पैशाच्या प्रचारावर मात केली, असे त्या निवडणुकीचे वर्णन करता येईल. शाहिराच्या प्रचाराचाही तो जुना गुण होताच: समोरचा श्रोता उठून गेला तर ते शाहिरास तत्क्षणी कळे.

नभोवाणीची कथा मात्र निराळी आहे. मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. परंतु राजकीय पक्षांस निवडणुकीच्या काळात तेथून बोलण्याची मुभा मिळण्यास 1977 साल उजाडावे लागले. भाषणाची संहिता आधी सादर करावी, परराष्ट्रांवर टीका नसावी, जातिधर्मावर हल्ला नसावा, कोणाची व्यक्तिशः निंदा नसावी, असे नियम त्यास घालून देण्यात आले. कर्जतच्या खेड्यात तोवर ट्रांझिस्टर पोहोचला होता आणि शेताच्या बांधावर बसून पुढाऱ्याचे भाषण ऐकता येऊ लागले. ऐकणे सोपे झाले, पण त्यास अडवून विचारणे संपले. पारावरचे मोठ्याने होणारे वाचन आणि बांधावरचा ट्रांझिस्टर यांत हाच फरक होता, आणि तो लहान नव्हे.

आंतरजाल आले तेव्हा हे न्यून भरून निघेल अशी आशा अनेकांस वाटली. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने ते भारतातील सामान्य ग्राहकांस खुले केले. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोठ्या पक्षांची संकेतस्थळे दिसू लागली. इंग्रजी पाने त्वरेने तयार झाली. मराठीचे हाल मात्र पाहण्यासारखे होते. देवनागरीसाठी प्रत्येकाने आपापला टंक, म्हणजे फॉन्ट, वापरावा आणि वाचकाच्या यंत्रात तोच टंक नसेल तर पानावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांचा सडा पडावा, अशी अवस्था होती. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीस 1991 सालीच स्थान मिळाले होते. पण घरगुती संगणकांत तिचा पाठिंबा रुजण्यास पुढील शतक उजाडले. तोवर मराठी मजकूर चित्राच्या रूपाने चिकटविण्याचा उपाय पुष्कळांनी केला. असे चित्र डोळ्यांस दिसे, पण त्यातील शब्द शोधता येत नसत. शोधता न येणारा जाहीरनामा हा एका अर्थी पेटीत बंद केलेला जाहीरनामाच होय.

संकेतस्थळाची रचना ही निव्वळ सजावट आहे असा समज असेल तर तो सोडून दिला पाहिजे. पहिल्या पानावर काय ठेवावे आणि काय चार पाने आत ढकलावे, हा निर्णय राजकीय असतो. पक्षांच्या बहुतेक संकेतस्थळांवर प्रथम पुढाऱ्याची छबी येते, मग सरकती चित्रे, नंतर बातम्या. 'सदस्य व्हा' आणि 'देणगी द्या' ही बटने ठळक असतात. आणि 'संपर्क' हे प्रकरण तळाशी असते. तेथे गेल्यावर नागरिकास प्रथम स्वतःचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि मतदारसंघ भरावा लागतो, आणि मग प्रश्न लिहावयास चौकट मिळते. कोतवालांच्या कोठीवर क्रम उलटा होता, हे येथे सहजच आठवते.

अमेरिकेत 2003-04 मध्ये हॉवर्ड डीन यांनी आणि 2008 मध्ये बराक ओबामा यांनी आंतरजालाचा जो उपयोग केला त्याचे मर्म निराळे होते. तेथे पाठीराख्यांस आपल्या गावी स्वतःहून बैठक बोलावता येई, शेजाऱ्यास निमंत्रण देता येई, आणि लहान लहान देणग्या गोळा करता येत. संकेतस्थळ हे भिंतीवरचे भित्तिपत्रक राहिले नाही. ते पारासारखे झाले. आपल्याकडे 2009 च्या निवडणुकीत लालकृष्ण अडवाणी यांच्या नावाने मोठा थाटाचा आंतरजालीय प्रचार झाला, पण सत्ता त्यांच्या पक्षास मिळाली नाही. त्याआधी 2004 मध्ये पंतप्रधान वाजपेयी यांचा मुद्रित आवाज लक्षावधी दूरध्वनींवर ऐकविला गेला होता, आणि तरीही निकाल उलट लागला. या दोन्ही पराभवांची कारणे अनेक आहेत. ती सारी साधनांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरी आवाज दूरवर नेला म्हणजे तो पटतोच असे नाही, एवढे त्यावरून खास दिसते.

खेड्यास खरोखर मानवले ते संकेतस्थळ नव्हे. साधा भ्रमणध्वनी मानवला. 2014 च्या अखेरीस भारतीय जनता पक्षाने 'मिस्ड कॉल' देऊन सदस्य होण्याची मोहीम काढली. पैसा न खर्चता नुसती घंटी वाजवून उत्तर देता येते, ही युक्ती गरिबांनी आधीच शोधलेली होती. पक्षाने ती उचलली. 2016 नंतर आंतरजालाचे दर कोसळले आणि हातोहाती व्हॉट्सॲप आले. कर्जतच्या बाजारपेठेतील दुकानदार आणि खोपोलीच्या कारखान्यातील कामगार एकाच वेळी एकच चित्रफीत पाहू लागले. तिची काळी बाजूही लवकरच दिसली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांचा जीव घेतला. त्या महिन्यातच भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही अशी मर्यादा कंपनीने घातली. पारावर "हे खरे कशावरून" असे विचारणारा म्हातारा या यंत्रात नव्हता.

राज्यसंस्थेने या नव्या मैदानात कुंपणे घालण्याचा प्रयत्न केला आहे. ऑक्टोबर 2013 मध्ये निवडणूक आयोगाने समाजमाध्यमांवरील प्रचारास आचारसंहिता लागू असल्याचे स्पष्ट केले आणि उमेदवारांनी आपल्या खात्यांची माहिती शपथपत्रात द्यावी, व त्यावरील खर्च हिशेबात धरावा, असा आदेश दिला. त्याहून लक्षणीय गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने केली. उमेदवारावर फौजदारी खटले असल्यास त्याची माहिती पक्षाने आपल्या संकेतस्थळावर द्यावी असे न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले. 2020 मध्ये त्यास मुदत व कारणमीमांसेची जोड दिली: असा उमेदवार का निवडला आणि स्वच्छ चारित्र्याचा दुसरा का मिळाला नाही, हेही लिहावयाचे. तरी पक्षांनी ही माहिती अशा कोपऱ्यात ठेवली की शोधणाराच थकावा. तेव्हा 10 ऑगस्ट 2021 च्या निकालात न्यायालयाने थेट रचनेसच हात घातला. ही माहिती पहिल्याच पानावर, तशा ठळक मथळ्याखाली असावी असे फर्माविले, आणि आदेश न पाळणाऱ्या पक्षांस दंडही केला. पक्षाच्या संकेतस्थळाचे पहिले पान कसे असावे हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगावे, यातच त्या पानाचे महत्त्व आले.

कर्जत-खालापुरात या साऱ्याचा अनुभव कसा येतो? 2008 च्या पुनर्रचनेत जुना खालापूर विधानसभा मतदारसंघ जाऊन कर्जत मतदारसंघ झाला. लोकसभेसाठी कुलाब्याचा जुना संबंध तुटला आणि हा मुलूख मावळ मतदारसंघात गेला. त्या मतदारसंघात घाटावरील पिंपरी आणि चिंचवड ही औद्योगिक नगरे आहेत, आणि घाटाखाली पनवेल, उरण, कर्जत आहेत. एकाच उमेदवाराच्या संकेतस्थळाने चिंचवडच्या संगणक-अभियंत्याशी आणि खांडसच्या वाटेवरील ठाकरवाडीशी एकाच पानावर बोलावे, अशी ही रचना आहे. ज्याच्या हाती यंत्र चांगले आणि ज्याचे नगर मोठे त्याच्या प्रश्नास अशा पानावर पुढची जागा मिळते. वाडीतील मतदारापर्यंत प्रचार अजूनही शिडाच्या छपराची जीप, ध्वनिवर्धक आणि ओळखीचा कार्यकर्ता यांच्यामार्फतच जातो. तो कार्यकर्ता मात्र आपल्या भ्रमणध्वनीवर वाडीचे छायाचित्र काढतो, आणि ते वर जाते. वाडीचे म्हणणे जाते की नाही, हे त्या कार्यकर्त्याच्या स्वभावावर अवलंबून राहते.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. मुसळधार पाऊस चालू होता. वाडीस गाडीरस्ता नव्हता. चौक गावाच्या बाजूने डोंगर चढूनच जावे लागे. मातीचे ढीग उपसण्याची मोठी यंत्रे वर नेणे शक्य झाले नाही, आणि बचावपथकांनी हातांनीच माती उकरली. मुख्यमंत्री पायी चढून गेले. त्यांची ती चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राच्या हातातील यंत्रांत पोहोचली. शासकीय माहितीप्रमाणे वाडीत 228 माणसे राहत होती. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसे सापडली नाहीत. 23 जुलै रोजी शोध थांबविण्यात आला.

दरडीचा धोका असलेल्या गावांच्या शासकीय यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच त्या आठवड्यात विधिमंडळात सांगितले. त्या डोंगराच्या पायथ्याकडून विजेच्या तारा जातात, द्रुतगती महामार्ग जातो, आणि भ्रमणध्वनीचे मनोरे दिसतात. वाचलेल्या कुटुंबांस चौकनजीक तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवण्यात आले, आणि त्यांच्या पक्क्या घरांचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले.